सर्जनबाईंच्या लेखांची यादी

साताऱ्यात कचेरीबाहेर टेबल मांडून मी गेली सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शाळा नववीत सुटली; परंतु कागद कोणत्या हेतूने लिहिला आहे, हे त्याच्या पहिल्या चार ओळींत ओळखण्याची विद्या मजजवळ आहे, आणि ती पुष्कळ पदवीधरांजवळ नाही, असे मी नम्रपणे नमूद करतो.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, लोणंदच्या कांदा बाजारात मापाडी आहेत. गेल्या वर्षी त्यांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. कावीळ समजून महिनाभर झाडपाला झाला. मग साताऱ्यातील तपासणीत स्वादुपिंडात गाठ निघाली, कर्करोगाची. आम्हांस सांगलीच्या एका सर्जनबाईंकडे पाठवण्यात आले. बाईंचे बोलणे थोडके. गाठ अजून मोठ्या रक्तवाहिनीपासून सुटी आहे, काढता येईल, येत्या सोमवारी दाखल व्हा, एवढेच त्या म्हणाल्या.

ही घाई मला खटकली. घाई करणाऱ्या पक्षकाराचा कागद मी नेहमी दोनदा वाचतो.

भाची औषधनिर्माण शिकते. तिने माझ्या समाधानासाठी बाईंच्या संशोधनाची यादी मोबाइलवरून छापून आणली. सगळे लेख याच रोगावरचे, आणि प्रत्येकासमोर एक आकडा: इतर डॉक्टरांनी आपापल्या लेखांत त्या लेखाचा उल्लेख किती वेळा केला.

"मामा, आकडा जेवढा मोठा तेवढा मान," भाची म्हणाली.

मान कसला? कचेरीत ज्या पत्राचा उल्लेख पुढच्या प्रत्येक पत्रात येतो, ते निकालात न निघालेले पत्र असते. काम झाले की त्याची आठवण कोणी काढत नाही. बाईंचा सर्वांत मोठा आकडा त्यांच्या सर्वांत जुन्या लेखासमोर होता. मी भाचीकडून त्याचा अर्थ काढून घेतला. शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या रुग्णांची ती हकीकत होती. कोणाला रक्तस्राव झाला, कोणाच्या आतड्याचा जोड सुटला. रुग्ण बाईंचेच.

माझा संशय पक्का झाला. स्वतःविरुद्ध लेखी कोणी देत नाही. देतो तो दबावाखाली, किंवा त्याहून मोठे काही झाकण्यासाठी. शिवाय लेखांवरची सहकाऱ्यांची नावे पुन्हा पुन्हा तीच होती. आमच्या आवारातही लोकांची ओळख पटवायला रोज तेच दोघे सह्या करतात. त्यांना चहा मीच पाजतो.

मी दाखल होणे थांबवले आणि बाईंच्या नावे खुलाशाचा अर्ज लिहायला घेतला.

"दादा, तुझं असंल खरं," बहीण म्हणाली, "पर ह्यांच्या डोळ्यांकडं बघ की. हळद लावल्यागत दिसत्यात."

दाजी खाटेवरून हसले. "पाव्हणं, बाईला नोटीस धाडताय व्हय? मग माझं प्वाट कोण फाडणार, तलाठी?"

"चेष्टा नको, दाजी. कागदात मेख आहे."

"असू द्या की. आमच्या काट्यात बी असती. बाजार थांबतुय व्हय?"

अर्जाचे बारा मुद्दे झाले. दोनदा दुरुस्ती करून तो पोचपावतीसह टपालाने गेला. उत्तर आले नाही. मौन हीच कबुली, असे मी घरी सांगितले. तिसऱ्या आठवड्यात बहिणीने मला न विचारता गाडी ठरवली. अर्जाची स्थळप्रत घेऊन मीही गाडीत बसलो.

बाईंपर्यंत अर्ज पोचलाच नव्हता. तो दवाखान्याच्या आवक टपालात पडून होता. त्यांनी माझी प्रत शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"हे माझे सुरुवातीचे रुग्ण," त्या म्हणाल्या. "कुठं चुकलं ते लिहून ठेवलं. दुसरे सर्जन ते वाचून त्या जागी जपतात, म्हणून उल्लेख करतात. आणि नावं तीच, कारण टेबलाभोवती माणसं तीच उभी असतात."

मी पुढचा मुद्दा काढणार, तोच त्यांनी दाजींचा नवा स्कॅन मागवला.

संध्याकाळी त्यांनी तो आम्हांला पडद्यावर दाखवला. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली होती. आता लगेच काढता येणार नाही. आधी काही महिने औषधे, मग पुन्हा पाहू.

"तवाच आलो असतो तर वो, बाई?" बहिणीने विचारले.

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. "तेव्हाही चिकटलेली असू शकते. पहिल्या स्कॅनमध्ये दिसली नसेल. सांगता येत नाही."

बहिणीने पदराने डोळे पुसले आणि दाजींची पिशवी उचलली. तिचे समाधान झाले. मी मात्र ते वाक्य आजवर तपासतो आहे. ज्या बाईंनी स्वतःची चूक लिहून जगापुढे ठेवली, त्या माझी झाकतील का? मला वाटते, बहिणीकडे पाहून झाकतील. एरवी असे विधान मी लेखी मागितले असते. औषधाच्या प्रत्येक फेरीला मी दाजींबरोबर सांगलीला जातो, बाई समोर येतात, आणि विचारण्याची माझी छाती होत नाही.