हेझलचा घोडा

डेल्फीन मार्कॉटने त्या शुक्रवारी सकाळपासून चौथ्यांदा फाइल उघडली आणि चौथ्यांदा तिला घोड्याच्या पाठीवर करवतीसारखे दाते दिसले. फाइलच्या नावाला ईपीएस असं शेपूट होतं. आत मात्र फोटो.

"अहो, नावात ईपीएस आहे की!" फोनवर कोलीन वैतागली. म्हाताऱ्या ऑरिन थिबोची ही सून; मेपलच्या झाडाचा रस आटवून ते पाक करायचे, आणि त्या बाटल्यांवरची घोड्याच्या चित्राची लेबलं तीच बघायची. "तुम्ही मागितलं तेच पाठवलंय. चारदा."

"ईपीएस हे नुसतं पाकीट आहे गं. आत रेषा हव्यात. तू जुन्या डब्यावरच्या घोड्याचा फोटो काढून पाकिटात घालतेस."

"पण माझ्या स्क्रीनवर तर छान दिसतंय."

हे वाक्य डेल्फीन अडतीस वर्षं ऐकत होती. बॅरी गावातल्या या छापखान्यात ती नोकरीला लागली तेव्हा चित्राची कड लाल फिल्मवर पात्याने कापावी लागे. त्यामुळे रेष म्हणजे काय, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. इथून निघायचं, असं वळायचं, तिथे पोचायचं, एवढीच ती सूचना. घोडा बाटलीवर छापा नाहीतर कोठाराच्या भिंतीवर, सूचना तीच आणि कडही तशीच स्वच्छ. फोटोत नुसते ठिपके. चित्र वाढवलं की ठिपकेच फुगतात. हे तिने पाद्र्याला समजावलं होतं, दोन वकिलांना समजावलं होतं. सगळे मान डोलवायचे आणि घरी जाऊन पुन्हा फोटो पाठवायचे.

"चारला छपाईची प्लेट हवी!" छापायच्या मशीनवरचा वेंडेल दारातून ओरडला. "नाहीतर थिबोंचा नंबर थेट दोन आठवड्यांनी."

"चार म्हणजे चार, की तुझ्या जेवणाच्या सुट्टीसारखे चार?"

वेंडेल हसत गेला, पण ती हसली नाही. पुढच्या शनिवारी, पाकाच्या हंगामाच्या मेळ्याला, लोक गाड्या भरभरून पाक घ्यायला येणार होते, आणि थिबोंच्या बाटल्या कोऱ्या होत्या. मूळ चित्र कधीच हरवलेलं. शेवटी तिने तो धुरकट फोटो पडद्यावर खालच्या थरात ठेवला आणि त्यावर बिंदू टाकत, रेषा वाकवत घोडा पुन्हा काढायला घेतला. आयाळ, घसरगाडी, रसाच्या दोन बादल्या. दुपारी दोनला मान अवघडली होती आणि घोडा तयार होता. एकही दाता नाही.

तेवढ्यात ऑरिन स्वतःच आला, बुटांना चिखल आणि हातात डोनटची पिशवी. तो पडद्यासमोर वाकला.

"छान आहे. पण हा हेझलचा घोडा नाही."

हेझल म्हणजे त्याची बायको. पहिलं लेबल तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढलं होतं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"तिने पुढचा पाय आखूड काढला होता," ऑरिन म्हणाला.

"चूक होती ती. मी सरळ केली."

"चूक कसली? आमचा बार्नी घोडा लंगडाच होता."

डेल्फीनने माउस आपटला. "हे सकाळी सांगायचं नाही का?"

"सकाळी विचारलं कुणी, पोरी?"

मग आयुष्यभर कडा सरळ करत आलेली ती बाई एकेक बिंदू ओढून पाय बिघडवत बसली. ऑरिन खुर्चीमागे उभा राहून सांगत होता, "अजून थोडा. अजून... अगं बास, आता पडेल तो!" तिने दात-ओठ खात बिंदू केसभर मागे घेतला. ऑरिनने नुसती टोपी काढली.

चारला दहा मिनिटं असताना प्लेट वेंडेलच्या हातात पडली. डेल्फीनने फाइल कोलीनलाही पाठवून दिली, निदान यापुढे तरी घरात खऱ्या रेषा असाव्यात म्हणून.

पाच मिनिटांत निरोप आला. "उघडतच नाही हो. फोटो करून पाठवता?"

डेल्फीनने डोळे मिटून श्वास सोडला, घोड्याचा फोटो केला आणि पाठवला.

लगेच उत्तर: "आता कसं छान दिसतंय! फक्त एक पाय वाकडा झालाय, तेवढा सरळ कराल?"

डेल्फीनने कीबोर्ड ऑरिनच्या पुढ्यात सरकवला.

"घ्या. सून तुमची आहे."