नऊ मालकिणींचं फटाक्यांचं दुकान

फटाक्यांचं एक बरं असतं, दिवाळी झाली की माल संपतो. किस्से मात्र उरतात! वरवट बकाल गावातल्या आमच्या बचत गटाची बैठक पापड-मसाल्यासाठी बसते, आणि पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतेच, "ते फटाक्यांचं सांग व!"

तर सांगते.

आम्ही नऊ बाया. दरवर्षी दिवाळीला तात्पुरता परवाना काढून गावाबाहेरच्या मैदानात टिनाचं दुकान लावतो. पहिल्या वर्षी तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. वाळूच्या बादल्या पाहिल्या, पाण्याचा ड्रम पाहिला, आग विझवायचं सिलिंडर हलवून पाहिलं. सगळं ओके! मग इकडंतिकडं बघत म्हणाले, "मालक कुठं आहेत?"

आमच्या अध्यक्ष शोभाकाकू पुढं झाल्या. "मालक नाही साहेब, मालकिणी हाय. नऊ. त्यातली कोणती पाह्यजे?"

साहेबांनी लगेच सही केली.

*

खरी अडचण माझ्याच घरात होती. माझे सासरे, आबा, तरुणपणापासून हौसेनं घरीच भुईनळे बनवायचे. लग्नात आबांचा नळा उडाला नाही तर नवरदेव रुसायचा म्हणे! परवान्याच्या वेळी आम्हाला कळलं, की परवान्याशिवाय घरी फटाके बनवणं गुन्हा आहे, हौस असली तरी. मी येऊन सांगितलं, तर आबा भडकलेच.

"माह्या घरात मी काय करतो, त्याचं सरकारले काय पडलं?"

तेवढ्यात शेजारची विमल, आमच्या गटातलीच, दारात येऊन उभी राहिली.

"आबा, घर तुमचं हाय. पण मधली भिंत अर्धी माही हाय. आन् त्या भिंतीले लागून माही लेक झोपते."

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतःच पोलीस पाटलांना बोलावलं आणि होतं नव्हतं ते सामान त्यांच्या स्वाधीन केलं. त्यानंतर मात्र नुसते ओसरीत बसून राहायचे. कोणी बोललं तर "हाव," एवढंच. मला फार लागलं ते.

शोभाकाकू एक दिवस घरी आल्या. "आबा, गिऱ्हाइकाले नमुना पेटवून दाखवाले जाणता माणूस पाह्यजे. दुकानापासून दूर, तिकडच्या मोकळ्या बरडावर. येता काय?"

आबा उठून पायात चपला घालायला लागले. दिवाळीला अजून पंधरवडा होता!

मागच्या वर्षी कंपनीचा एक नळा कमरेएवढाच उडाला. आबा गिऱ्हाइकाला म्हणाले, "हा नका नेऊ. लाजाळू हाय!"

*

एक भाऊ ग्रीन फटाके परत घेऊन आले. "हिरवे म्हणून देले तुम्ही. पेटवले तं लाल उजेड!"

शोभाकाकू म्हणाल्या, "भाऊ, धूर कमी म्हणून ते ग्रीन. हिरवी मिरची खाल्ली तं घाम हिरवा येते का?"

*

गावातले एक मोठे शेतकरी पेटती बिडी घेऊन थेट दुकानासमोर आले. विमलनं 'धूम्रपान बंदी'ची पाटी दाखवली, तर म्हणाले, "मी माह्या गावात उभा हाय!"

"उभे हाय तवरच सांगून राह्यली," विमल म्हणाली. "मंग उडून जासान!"

बिडी वाळूच्या बादलीत गेली.

*

आणि आमच्या गावची कौसाआजी. लहानपणी ताप आला, त्यात तिचे कान गेले. दर दिवाळीला तिचं एकच मागणं, "सगळ्यात मोठ्या आवाजाचा दे. तेवढाच मले ऐकू येते." तसले फटाके विकायला बंदी आहे, हे आम्ही खुणेनं समजावायचो. ती रागारागानं निघून जायची.

यंदा शेगावच्या शिबिरात तिला कानाचं मशीन मिळालं. दुकानात आली, तर म्हणते, "फुलझडी दे."

मी तिला बरडावर नेलं. फुलझडी पेटवून हातात दिली. तडतड, तडतड! हात लांब धरून, मान कलती करून आजी उभी राहिली. फुलझडी विझली, तरी तशीच.

मग माझ्याकडं वळली.

"अवं माय! मले वाटे, फुलझडी मुकी असते!"