डब्यावरच्या चार ओळी

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच. ज्यांना सांगायचं ते भाऊजी गेल्या महिन्यात वारले. आणि आता लिहायला बसलो, तर दुःखापेक्षा रागच जास्त येतो आहे. कोणाचा? माझाच.

भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अकोटच्या एका जिनिंगमध्ये पहारेकरी होते. कापसाच्या गोदामात कंदील नेता येत नाही, टॉर्चच लागते. सेल महाग. म्हणून अमरावतीच्या बाजारात विकायला आलेल्या लष्कराच्या शिल्लक सेलचे त्यांनी दोन डबे उचलले आणि थेट तिथल्या माझ्या खोलीवर आले. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या घराण्यात मी पहिला मॅट्रिक. कोर्टाचा कागद असो की औषधाची बाटली — इंग्रजी दिसलं की माझ्याकडे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

"वाचा, वकीलसाहेब," ते हसत म्हणाले. "मले तं ह्या मुंग्या चालल्यावानी दिसते."

डब्यावर चार ओळी होत्या. त्यातल्या दोन मला कळल्या नाहीत. 'मला कळत नाही' — एवढं म्हणायला काय लागत होतं? पण खोलीत माझे दोन मित्र बसले होते. मी म्हणालो, "काही नाही, कंपनीचं नाव-गाव आहे. सेलची टिकली वर करून घाला, नेहमीसारखे."

सोबत आणलेल्या त्यांच्या टॉर्चला तीन सेल लागत. दोन साधे सेल चांगले होते. तिसऱ्याच्या जागी त्यांनी हा लष्करी सेल कागद गुंडाळून बसवला. बटण दाबलं.

"मंद लागून राह्यली, बापू."

"पडून होते ना इतके दिवस. थोडा वेळ चालू ठेवत जा, सुधारेल."

हे मी कुठून आणलं? कुठूनच नाही. तोंडाला आलं ते बोललो.

एक डबा ते मला ठेवून गेले. संध्याकाळी मी शब्दकोश काढला. या सेलचं कवच अधिक आणि टिकली उणे — साध्या सेलच्या बरोबर उलट. साध्या सेलसोबत घालू नये. उलटा बसल्यास फुटू शकतो. एवढंच लिहिलं होतं. एवढंच मी सांगायचं होतं.

मग? दुसऱ्या दिवशी सकाळी अकोटची मोटार होती. मी गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो — मला वाचता आलं नाही? रविवारी जाऊ, म्हटलं. शनिवारी निरोप आला. टॉर्च चालू ठेवूनही उजेड वाढेना, म्हणून भाऊजींनी तिचं बूड फिरवून उघडलं आणि सेल तोंडावर फुटला. आतल्या क्षाराने उजवा डोळा गेला.

इथवर भित्रेपणा होता. पुढचं त्याहून वाईट आहे.

दवाखान्यात ताईने चारचौघांसमोर मला धरलं. "तू वाचलं होतं ना रे? मंग काहून नाई सांगतलं?" आणि मी — भाऊजींच्या पट्टी बांधलेल्या चेहऱ्यासमोर उभा राहून — म्हणालो, "सांगितलं होतं मी. उलटे घालू नका म्हणून."

भाऊजींनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "असन. मलेच समजलं नसन."

त्यांना आठवत होतं का? मी कधी विचारलं नाही.

एका डोळ्याचा पहारेकरी जिनिंगला नको होता. पुढची दहा वर्षं त्यांनी तिथेच कापसाच्या गाठी ओढल्या. लग्नाकार्यात लोक त्यांना चिडवत — शिकलेल्या साळ्याचं ऐकलं नाही, अडाणी गडी! ते हसत. त्या हसण्याचा मला संताप यायचा. हा माणूस भांडत का नाही? ज्याचा डोळा मी घालवला, त्याच्यावरच मी मनातल्या मनात खेकसायचो. इतका नीचपणा मी पुस्तकांतसुद्धा वाचलेला नाही.

भाऊजींच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ताईने दोन्ही पोरींना जवळ बसवलं. "तुमच्या बाबानं मामाचं ऐकलं असतं तं डोया वाचला असता," ती म्हणाली. "तुमी मामाचं ऐकत जा."

पोरींनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मीही डोलावली.