मतदान होईपर्यंत थांबा

मी आमदारकीला उभा राहिलो तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि डोक्यात जरा जास्तच हवा होती. सूर्यमाळच्या उतरणीवरच्या आमच्या पाड्यातला मी पहिला पदवीधर. मोखाड्याच्या तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. रेशनकार्ड, वनजमीन, विहिरीचं पाणी, कशाकशाचे अर्ज. लोक मला अर्जवालाच म्हणायचे. दुसऱ्यांचे इतके अर्ज लिहिले, आता एक स्वतःचा भरू, असं मी चेष्टेने बोलायला लागलो आणि बोलता बोलता खरंच भरून बसलो. पक्ष नव्हता. चिन्ह मिळालं फुलकोबी. आमच्या डोंगरात भात पिकतो, नाचणी पिकते, वरई पिकते. फुलकोबी मी स्वतः पहिल्यांदा खाल्ली ती आश्रमशाळेत, आणि तीही आवडली नव्हती.

आमच्याकडे दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. भात घरात आला की शेतात काम उरत नाही, मग माणसं वीटभट्टीवर जातात ती होळीलाच परततात. भट्टीवर एकटं माणूस घेत नाहीत, जोडी लागते. एकाने चिखल कालवायचा, दुसऱ्याने साच्यात थापायचा. बहुतेक जोड्या नवरा-बायकोच्या. माझी थोरली बहीण आणि दाजी आठ वर्षं भिवंडीकडच्या एकाच भट्टीवर जात होते. तिथे त्यांची झोपडीची जागा ठरलेली, रस्त्यापलीकडे दवाखाना, भट्टीवाल्याची आई माझ्या बहिणीला नावाने हाक मारायची. पोरगी माझ्या आईजवळ राहून शाळा शिकायची.

त्या वर्षी मतदान आलं दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे माझे सगळे मतदार तोवर भट्टीवर. बाकीच्या उमेदवारांना याची काळजी नव्हती. मतदानाच्या दिवशी ते जीप पाठवतात, माणसं भरून आणतात, बोटाला शाई लागली की परत नेऊन सोडतात. माझ्याकडे होती एक मोटारसायकल, तीही मित्राची. पण खरं सांगायचं तर कुणी जीप दिली असती तरी मी घेतली नसती. मतदार म्हणजे काय सामान आहे का, वाहून आणायला? असं मी प्रत्येक सभेत विचारायचो आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश व्हायचो.

मग मी पाड्यावर बैठक घेतली. म्हटलं, "मतदान होईपर्यंत थांबा. तीन आठवड्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? मी निवडून आलो तर रोजगार हमीचं काम इथंच काढतो. कुणाला भट्टीचं तोंड बघायला नको."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. माझी बहीण सगळ्यांत आधी बोलली, "माझा भाऊस उभा हाय. आमी थांबतू."

ती बोलली म्हणून बाकीच्या बायका बोलल्या. बायका बोलल्या म्हणून पुरुषांनी माना हलवल्या. दाजींनी मात्र मान हलवली नाही. ते मुळात कमी बोलणारे. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "आपली जागा जाईल रं." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची मला आज लाज वाटते.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी सकाळी भट्टीचा ट्रक आला. बोचकी तशी बांधलेलीच होती, दरवर्षीची सवय. भांडी, गोधड्या, तांदळाची गोणी, डालग्यात कोंबड्या. भट्टीसाठी जोड्या नेणारा मुकादम भला माणूस होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुझी निवडणूक पाच वर्षांनी. भट्टी दरवर्षी लागते. जागा धरून ठेवायला ती काय एसटी आहे, रुमाल टाकला की झालं?"

मी सगळ्यांसमोर त्याला मतदानाच्या हक्कावर भाषण दिलं. चांगलं झालं भाषण, टाळ्या पडल्या. मुकादमाने खांदे उडवले आणि ट्रक रिकामा वळवला. सगळे ट्रककडे बघत उभे राहिले. मग दाजींनी खाली वाकून आपल्या बोचक्याची गाठ सोडली. त्यांचं बघून बाकीच्यांनी सोडली.

पुढचे दिवस दाजी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून फिरले. पत्रकांची पिशवी मांडीवर धरायची आणि गप्प बसायचं, एवढाच त्यांचा प्रचार. एकदा आम्ही जव्हार ओलांडून आमच्याच मतदारसंघातल्या वांगणीला गेलो. रस्ता असा की हाडं खिळखिळी झाली. तिथे अर्ध्या घरांना कुलपं. एका म्हातारीने माझं पत्रक उलटंसुलटं करून विचारलं, "ह्या कसला फूल रं?" मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "खातात का?" मी हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "इथली माणसं कवा गेली?"

"परवा. भिवंडीचा गाडी आला होता ना. बोलं, जागा खाली हाय."

निघताना दाजींनी ती कुलपं लावलेली घरं मागे वळून वळून पाहिली. खाली झालेली ती जागा कुणाची, हे मला समजलं होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात उद्याच्या सभेचं भाषण चाललं होतं, म्हणून न समजल्यासारखं केलं.

मतदानाच्या दिवशी पाड्यावरच्या शाळेत रांग लागली. थांबलेला एकही माणूस घरी राहिला नाही. मतमोजणीला कळलं की त्या एका बूथवर मी पहिला होतो. बाकी सगळीकडे मी कुठे होतो हे विचारू नये. जिंकलेल्याची मिरवणूक रस्त्याने गेली तेव्हा मी चहाच्या टपरीच्या मागे जाऊन उभा राहिलो, आणि तिथे उभं राहून रडलो. तेव्हा वाटलं होतं, यापरतं दुःख नाही. किती अडाणी होतो मी.

बहिणीने दुसऱ्या दिवशी मुकादमाला फोन लावला. जोड्या भरल्या होत्या. आणखी दोन भट्ट्यांवर विचारलं, तेच उत्तर. आणि मी कबूल केलेलं रोजगार हमीचं काम? त्यासाठी मी अर्ज लिहिले. मला दुसरं येतं काय? शेवटी कुठूनसा एक नवा मुकादम आला, सुरतेच्या पलीकडच्या भट्टीसाठी जोड्या गोळा करत. पाड्यावरची माणसं पांगली. कुणी रेती उपसायला गेलं, कुणी बांधकामावर, बहीण आणि दाजी सुरतेकडे. बोचकी मी स्वतः गाडीत चढवली. दाजींना माझं तोंड बघवेना. म्हणाले, "टेन्शन नको घेव. वीट सगळीकडं सारखीच."

वीट सारखीच होती. बाकी काहीच सारखं नव्हतं. भट्टी नदीच्या काठाला, रस्त्यापासून आत. ओळखीचं कुणी नाही, भाषा वेगळी. संक्रांतीनंतर दाजींना ताप आला. नव्या जागी पहिल्याच हंगामात आजारी पडलो तर पुढच्या वर्षी घेणार नाहीत, म्हणून तीन दिवस ते तापातच चिखल कालवत राहिले. चौथ्या दिवशी उठले नाहीत. बहीण गाडीसाठी मोडक्या हिंदीत याला त्याला विनवत फिरली. गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. दवाखान्याच्या दारात दाजी गेले.

दाजींना घेऊन टेम्पो पाड्यावर आला तेव्हा पुढे बहीण बसलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "पोरीला शाळेतून आनलास का?"

लोकांनी माझी समजूत काढली. ताप काय, कुठेही येतो. भिवंडीलाही आला असता. असेल. पण भिवंडीला रस्ता ओलांडला की दवाखाना होता, आणि दाजींना तिथे एक दिवस निजून राहायची भीती नव्हती. हा हिशेब मी रोज करतो आणि रोज तिथेच येऊन थांबतो. तत्त्व माझं होतं, हंगाम त्यांचा होता. मी दुसऱ्याच्या ताटातलं उचलून दानशूर झालो.

यंदा भात घरात आल्यावर बहिणीने जुन्या मुकादमाला फोन केला. जागा होती, पण तो म्हणाला, जोडी आण. तिच्याकडे जोडी कुठली? दोन दिवस ती कुणाकुणाला विचारत होती, एवढं मला दिसत होतं. तिने मला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी माझं बोचकं बांधून तिच्या बोचक्याशेजारी ठेवलं. ट्रक आला. मुकादमाने मला ओळखलं आणि वर चढायला हात दिला.

मला चिखल कालवता येत नाही. पाणी कमीजास्त होतं, तिच्या विटा फुटतात, आमची थापणी सगळ्यांच्या मागे असते. ती रागावत नाही. परवा दुपारी भाकरी खाताना मला फोन आला. पुढच्या दिवाळीनंतर जिल्हा परिषदेची निवडणूक आहे, तालुक्यातले काही जण मागे लागले आहेत की उभा राहा. मी फोन ठेवला. तिने सगळं ऐकलं होतं.

"उभा रहा," ती म्हणाली. "तू चांगला बोलतस."

तिने हातातली भाकरी मोडली, अर्धी मला दिली आणि म्हणाली, "पन या टायमाला आमाला आधी जाऊ दे."

दाजी गेल्यापासून आजपर्यंत तिने मला दिलेला दोष एवढाच. तिने मला पोटभर शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदाने खाल्ल्या असत्या.