ओटीचं खोबरं आणि माझं वॉरंट

मुलीच्या साखरपुड्याला विमानानं निघालो, त्या दिवशी माझ्या नावावर अटक वॉरंट होतं. बाकी सगळी तयारी झाली होती.

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. साधा वॉशरसुद्धा मोजल्याशिवाय माझ्या हातून बाहेर जात नाही. हा स्वभावच नडला. काही वर्षांपूर्वी फुलंब्रीजवळ चहाला थांबलो होतो. एक हवालदार आला आणि म्हणाला, विहिरीवरची मोटर चोरीला गेलीय, पंच म्हणून दोन मिनिटं चला. जरा इस्त्रीचा शर्ट दिसला की त्याला पंच म्हणून धरायचं, ही आपल्याकडची पद्धतच आहे. शहाणी माणसं अशा वेळी चहा अर्धा टाकून गाडीला किक मारतात. मी गेलो. वर पंचनाम्यात मागं उरलेल्या केबलची लांबी 'अंदाजे' लिहिलेली पाहून, टेप आणल्याशिवाय सही करणार नाही म्हणून बसून राहिलो. टेप यायला संध्याकाळ झाली. त्या हवालदारानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तसं त्यानं चोराकडंही पाहिलं नसेल.

(एवढा चोख माणूस पुढं सिडकोतलं भाड्याचं घर सोडून शहरातल्याच सातारा परिसरात राहायला गेला. गॅसवाल्याला, बँकेला, पेपरवाल्याला, सगळ्यांना नवा पत्ता कळवला. कोर्टाला कळवायचा राहिला.)

निघायच्या दिवशी सकाळी आमचे जुने घरमालक बोर्डेकाका यांचा फोन आला.

"तुमच्या नावानं पोलीस आला होता. वॉरंट आहे म्हणे. आधी समन्स पण आलं होतं दोनदा. मी नीट जपून ठेवलंय, काळजी करू नका."

मी विचारलं, पोलिसाला काय सांगितलं?

"खरं तेच. म्हणलं, ते दुपारच्या विमानानं हैदराबादला चाललेत. आपण खोटं कशाला बोलायचं?"

म्हणजे मी आता नुसता गैरहजर साक्षीदार राहिलो नव्हतो. विमानानं पळून जाणारा साक्षीदार झालो होतो!

माझा मेहुणा वकील आहे. त्याला फोन लावला. तो जांभई देत म्हणाला, साक्षीला गेला नाहीत म्हणून निघालेलं जामीनपात्र वॉरंट आहे, परत आलात की कोर्टात हजर व्हा, रद्द होईल. देशातल्या देशात उडताय, तिथं नुसतं ओळखपत्र बघतात. "फक्त दाजी, विमानतळावर तोंड उघडू नका."

बायको बॅग भरत होती. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, यांना जमंल असं काहीतरी सांग."

भीती अटकेची नव्हती. भीती रंगनाथरावांची होती. हे आमचे होणारे व्याही, पाचोडचे मोसंबीवाले बागायतदार. बांधाच्या दाव्यात त्यांची उमेदीची वर्षं कोर्टाच्या बाकड्यावर गेलेली. बोलणी करायला आले तेव्हा देण्याघेण्याचा शब्दसुद्धा काढला नाही. एकच विचारलं, "तुमच्या घरात कोर्टकचेरी नाय ना? बाकी मला काय बी चालतं." मी मान ताठ करून नाही म्हणालो होतो. त्यांचा मुलगा आणि आमची मुलगी, दोघंही हैदराबादला नोकरीला. सुटी मिळेना, म्हणून साखरपुडा तिकडंच ठरला आणि दोन्ही घरची माणसं एकाच विमानानं निघाली. म्हणजे मला धरलं, तर व्याह्यांच्या डोळ्यांदेखत धरणार होते. मग कसला साखरपुडा!

चिकलठाण्याला विमानतळाच्या दारात जवानानं माझं आधार कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा कार्ड. मला राहवेना.

"मैं वापस आनेवाला हूँ," मी सांगून टाकलं.

"अच्छी बात है," तो म्हणाला आणि मागच्याचं कार्ड मागितलं.

बायकोनं मला चिमटा काढला. त्यानंतर बॅग पट्ट्यावर गेली, माझी तपासणी झाली, कोणी काही बोललं नाही. आम्ही जाऊन खुर्च्यांवर बसलो. रंगनाथराव मला यंदाच्या मोसंबीचा बहार समजावून सांगत होते. तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं. पूर्ण नाव, वडिलांसकट. ताबडतोब सुरक्षा कर्मचाऱ्यांना भेटावं.

मी उठलो. घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं, घराच्या किल्ल्या दिल्या. मंगळवारी नळाला पाणी येईल, टाकी भरून घे, पुढच्या पाण्याचा भरवसा नाही, हेही सांगितलं. मग व्याह्यांकडं वळलो. लपवून उपयोग नव्हता.

"रंगनाथराव, माझ्या नावावर वॉरंट आहे. मोटर चोरीच्या केसमध्ये."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोटर उचलली तुम्ही? हे असलं अंग घेऊन?"

"चोरी नाही हो. मी पंच होतो," एवढं म्हणून मी चालू लागलो. बाकीचं बायकोवर सोडलं.

आतल्या खोलीत टेबलावर आमची बॅग होती. जवानानं विचारलं, ये बैग आपका है? मी म्हणालो, "हाँ. लेकिन मुझे समन्स मिला नहीं था."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि बॅग उघडायला लावली. साड्यांच्या खालून त्यानं, बायकोनं मुलीच्या ओटीसाठी ठेवलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढल्या. हळकुंडं, सुपाऱ्या, खारका त्याला चालत होत्या. सुकं खोबरं चालत नव्हतं. त्यात तेल असतं, पेट घेतं, विमानात नेता येत नाही.

"बस, इतना ही?" मी विचारलं.

"हाँ जी."

इथं कोणीही सुज्ञ माणूस बॅगेची चेन लावून निघाला असता. मी म्हणालो, "और वॉरंट?"

"कौनसा वॉरंट? नारियल का?"

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. केबलच्या लांबीपर्यंत आलो तेव्हा तो उभा राहिला. "अंकल, वो कोर्ट में बताइए. आपकी फ्लाइट छूट जाएगी."

परत आलो तर बायको डोळे पुसत होती. तिनं सगळं सांगून टाकलं होतं. रंगनाथराव गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"सोडलं?"

"मला सोडलं. खोबरं ठेवून घेतलं."

ते हळूच म्हणाले, "माझ्या बांधाच्या दाव्यात बी असाच एक पंच व्हता. लई सज्जन, म्हणायचे सगळे. तारखेला कधी आलाच नाय. हा माणूस दिसायला कसा असंल, याचा मी लई इचार केलाय."

विमानात त्यांची जागा माझ्या शेजारी होती. खिडकी त्यांच्याकडं होती, तरी हैदराबाद येईपर्यंत ते माझ्याच तोंडाकडं पाहत होते.

उतरल्यावर बायकोला धीर धरवेना. ओटीसाठी खोबरं कुठं मिळंल, असं तिनं रंगनाथरावांना विचारलं. खरं तर तिला साखरपुडा होणार का, हे विचारायचं होतं.

"खोबरं इथं बी मिळतंय, विहीणबाई. साक्षीदार मिळत नाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साखरपुडा व्हईल. पण परत गेल्यावर कोर्टात मी संगं येणार."

आणि आले. मला मध्येच कुठं उतरू देऊ नये म्हणून रिक्षात माझ्या कडेला बसले. न्यायाधीशांनी समज दिली, वॉरंट रद्द केलं आणि त्याच दिवशी माझी साक्षही घेतली. ही सही तुमचीच का, असं विचारलं. मी हो म्हणालो आणि केबलची लांबीही सांगितली. ती कोणी विचारली नव्हती. मागच्या बाकड्यावरून रंगनाथरावांचा खोकला ऐकू आला.

लग्न थाटात झालं. नंतर नोंदणीच्या कार्यालयात तीन साक्षीदारांच्या सह्या लागत होत्या. मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. रंगनाथरावांनी कागदावर हात ठेवला.

"त्यांची नको, साहेब. बोलावलं तर येत नाय हा माणूस."

तिसरी सही बोर्डेकाकांनी केली. त्यांचा पत्ता बदलत नाही. पेन तेवढं माझं होतं.