दाजींचा लॅमिनेट केलेला कार्डिओग्राम

दाजी गेल्याचा फोन दौंडला आमच्या शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी सातवीची हजेरी घेत होतो. हजेरी पुरी केली, मगच निघालो. अशा वेळी माणूस काय करील याचा नेम नसतो. त्याला आता दोन महिने झाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर मांडवगण फराट्याला, नोकरी सणसवाडीच्या एका कारखान्यात, मशीनवर. कागदांवर त्यांचा फार जीव. सातबारा, रेशनकार्ड, पोरीची मार्कलिस्ट, हाती पडेल तो कागद ते शिरूरला तहसील कचेरीसमोर नेऊन लॅमिनेट करून आणत. "ताई सोडली तर तुमच्या घरात प्लास्टिकबाहेर काही उरलं नाही," असं मी म्हणायचो आणि ते खूष व्हायचे.

नव्वदच्या दशकात कधीतरी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली. दाजींना बीपीची गोळी आधीच सुरू होती. तीही ताई तांब्या घेऊन समोर उभी राहिली तरच घ्यायची. कार्डिओग्रामची पट्टी घेऊन ते माझ्याकडे आले. खाली डॉक्टरांनी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या.

"मास्तर, काय म्हनतंय ह्ये?"

"नॉर्मल आहे, दाजी."

ती झाली पहिली ओळ. दुसरीही मी वाचली होती: रक्तदाब बराच वाढलेला आहे, गोळी बंद करू नये, दर महिन्याला मोजावा. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला... आणि माझ्यापुढे पेपरांचा गठ्ठा पडलेला. खरं सांगायचं तर त्यांच्या आनंदावर विरजण घालायचा मला कंटाळा आला.

दुसऱ्याच दिवशी पट्टी लॅमिनेशनला गेली. त्या कागदावरच्या रेघा उष्णतेने उमटतात आणि तापला की अख्खा कागदच काळा पडतो, हे कुणाच्या ध्यानात येणार? यंत्राच्या गरम रुळांतून पट्टी बाहेर आली ती काळीकुट्ट. दाजी हसले. "गेलं तर गेलं. मास्तरनं वाचलंय न्हवं?" तेव्हापासून ताई गोळी घेऊन आली की साक्षीला मी. "इचार तुझ्या भावाला, नारमल हाय का न्हाई!" मीही हसून म्हणायचो, "होतं बाबा, नॉर्मल होतं." ते खोटंही नव्हतं. हळूहळू गोळी सुटली.

नऊ-दहा वर्षांनी एका सकाळी दाढी करताना दाजींचा उजवा हात लुळा पडला. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की पट्टी त्या घटकेचे हृदयाचे ठोके दाखवते. रक्तदाब वेगळा, तो मोजावाच लागतो, आणि काही दुखत नाही म्हणून तो नाही असं नसतं. ताई माझ्याकडे बघत होती. "पर त्यांचं नारमल व्हतं ना रं?" मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी मी शाळेत परतलो आणि चौथ्या दिवशी तो फोन आला.

दहाव्यानंतर ताईने कपाटातून ती काळी पट्टी काढून माझ्या हातात दिली. "तूच ठेव. त्यात काय हाय ते तुलाच ठावं."

पट्टी आता माझ्या टेबलावर आहे. उजेडात धरली तरी काही दिसत नाही. मला मात्र दुसरी ओळ पाठ आहे. दाजींना मी मारलं असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण लाज वाटते, रोज वाटते. ताई शाळेत गेली नाही. मी अधूनमधून पेपरात लिहितो; माझं काही छापून आलं की रविवारी ती पुढ्यात बसते आणि मी तिला वाचून दाखवतो... या रविवारी हे लिहिलेलं मला खालच्या ओळीपर्यंत वाचायचं आहे.