लाल ठिपके आणि ओसरीतली बाज

विषय लाजेचा आहे बापहो, तरी लिहितो.

अंडकोषावर बारीक लाल-जांभळे ठिपके आले म्हणून आज सकाळी वाशिमला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "काका, कातडीतल्या रक्ताच्या बारीक नळ्या फुगल्या. वयानं होतं. हा रोग नाही, कोणाला लागतही नाही."

मला एकदम बाबा आठवले.

सत्तरच्या दशकात, कामरगावला, बाबांनी एक दिवस आपली झोपायची बाज उचलून ओसरीत टाकली. धोतरही वेगळं, स्वतःच धुवायला लागले. विहिरीवर बाया हसायच्या. आई विचारायची, "काहून रुसले तुमी?" बाबा धोतर घेऊन विहिरीकडे निघायचे.

त्यांच्या शेवटच्या आजारात आंघोळ घालताना मला हेच ठिपके दिसले. म्हणाले, "वंगाळ बिमारी हाये. तुह्या मायले लागू नये म्हनून दूर राह्यलो. तिले सांगू नको."

आज घरी येऊन सत्त्याऐंशी वर्षांच्या आईला सगळं सांगितलं. ती पदराचं टोक चुरगाळू लागली. मग म्हणाली, "मंग तुहा बाप माह्यावर रुसला नवता?"

लाज सोडा, दाखवून घ्या. आणि कोणाची बाज अशी ओसरीत असेल, तर आजच आत न्या.